किल्ल्यातल्या चिमण्या : कुठेही जाता येत नाही तेव्हा निसर्ग काय करतो?

"डॉक्टर, चार दिवस कुठेतरी हवापालटाला जाऊन येऊ का?" रक्तदाब वाढलेला असो, झोप उडालेली असो किंवा नुसतीच छातीत धडधड असो, तपासणी संपता संपता हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर बहुतेक वेळा "जरूर जा" असंच असतं. डोंगर, समुद्र, झाडी यांनी बरं वाटतं हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

पण हा प्रश्न विचारायचीही सोय नसलेले पेशंट असतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यावं लागणारे. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना एक तासही एकटं सोडता न येणारी सून. कोर्टकचेरीत अडकलेले, नोकरी जाईल या भीतीने रजाच न घेणारे. त्यांच्यापुढे महाबळेश्वरचं नाव काढणं म्हणजे जखमेवर मीठ. खरं तर ताण सर्वांत जास्त यांनाच असतो. मग निसर्गाचा उपयोग फक्त सवड आणि पैसा असलेल्यांनाच होतो का?

या प्रश्नाचं उत्तर मला वैद्यकाच्या पुस्तकांपेक्षा इतिहासात जास्त चांगलं सापडतं, आणि तेही फार दूर नाही. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात.

९ ऑगस्ट १९४२

८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव मंजूर झाला आणि ९ तारखेच्या पहाटे धरपकड झाली हे आपण शाळेत शिकलो. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. काँग्रेस कार्यकारिणीच्या १२ जणांना मात्र आगगाडीने अहमदनगरला नेऊन किल्ल्यात बंद केलं. त्यात काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते, जवाहरलाल नेहरू आणि वल्लभभाई पटेल होते, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, आचार्य नरेंद्र देव होते. आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव होते. पट्टाभि सीतारामय्याही होते. ते मूळचे डॉक्टर, मच्छलीपट्टणमला प्रॅक्टिस करायचे. नरेंद्र देवांचा जुना दमा लक्षात घेता शेजारच्या खोलीत एक डॉक्टर असणं वाईट नव्हतं.

हा किल्ला निजामशाहीचा. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने तो मोगलांविरुद्ध लढवला, १८०३ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. १९४२ मध्ये तिथे लष्कर होतं. या १२ जणांना छळ नव्हता, अंधारकोठडी नव्हती, खायला प्यायला मिळत होतं. मग ताण कसला, असं कुणी म्हणेल.

ताणाचं शास्त्र इथेच नीट समजून घ्यायला हवं. त्यांच्यावर खटला भरलेला नव्हता. शिक्षा सुनावलेली नव्हती. त्यामुळे सुटका केव्हा, सहा महिन्यांनी की सहा वर्षांनी, याचा पत्ता कुणालाच नव्हता. त्यांना कुठे ठेवलं आहे हेही सरकारने सुरुवातीला गुप्त ठेवलं होतं. पहिले काही आठवडे वर्तमानपत्र नाही, पत्र नाही. बाहेर देशभर गोळीबार चाललेला, आणि ज्यांच्या ठरावामुळे हे सगळं पेटलं ते आत बसून होते. पुढे बातम्या मिळू लागल्या त्याही कशा? महादेवभाई देसाई आगाखान पॅलेसमध्ये वारले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण आरंभलं. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या.

संकट कितीही मोठं असलं तरी त्याला एक तारीख असेल, आपल्याला करण्यासारखं काही असेल, तर शरीर ते पेलतं. अनिश्चितता आणि हतबलता एकत्र आल्या की मात्र ताणाची यंत्रणा बंदच होत नाही. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं खरं तर थोड्या वेळासाठी असतात. साप दिसला, पळालो, संपलं. पण साप दिसतही नाही आणि गेल्याची खात्रीही होत नाही अशी अवस्था महिनोन्‌महिने राहिली, तर झोप बिघडते, भूक जाते, रक्तदाब वर राहतो आणि मन एकाच विचाराचा रवंथ करत बसतं. बायॉप्सीच्या रिपोर्टची वाट पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रिपोर्ट वाईट आला तरी "निदान कळलं तरी" असं म्हणून त्या रात्री झोपलेले पेशंट मी पाहिले आहेत.

खडकाळ अंगण

किल्ल्यातल्या खोल्यांच्या मध्ये एक अंगण होतं. उजाड. नेहरूंनी आल्यावर काही दिवसांतच तिथे खणायला सुरुवात केली. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ त्यांनी याच किल्ल्यात, एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत लिहिला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच्या पहिल्याच पानांवर बागकाम आहे, हे मात्र वाचल्याशिवाय कळत नाही. ते लिहितात की माती अगदी वाईट होती, दगडगोटे आणि जुन्या बांधकामाच्या राबिटाने भरलेली, आणि खणताना पुरातन भिंतींचे अवशेषही लागायचे. उन्हातसुद्धा ते रोज कित्येक तास वाफे तयार करत. त्याच पानांवर चंद्रही आहे. किल्ल्यात आले तेव्हा आकाशात चंद्रकोर होती, आणि पुढे ती पुन्हा दिसली की आणखी एक महिना सरला, असा त्यांचा हिशेब. घड्याळ आणि कॅलेंडर दोन्ही असलेल्या माणसाने चंद्रावर महिने मोजावेत, यातच काय ते आलं. कॅलेंडरवर सुटकेची तारीख नव्हती. चंद्र निदान ठरल्याप्रमाणे येत होता.

नेहरूंना याची सवय जुनी होती. आयुष्यातली सुमारे नऊ वर्षं त्यांनी तुरुंगात काढली. त्यांच्या आत्मचरित्रात तुरुंगातल्या प्राण्यांवर एक अख्खं प्रकरण आहे. लखनौच्या तुरुंगात ते पुस्तक वाचत अगदी स्तब्ध बसले की एखादी खार पायावरून चढून गुडघ्यावर येऊन बसे. खारीची आईवेगळी पिल्लं सापडली तेव्हा त्यांना फाउंटन पेनमध्ये शाई भरायच्या नळीने दूध पाजण्याची शक्कल काढली होती.

मला त्यातला देहरादूनच्या गांधीलमाश्यांचा किस्सा जास्त आवडतो. त्यांच्या कोठडीत गांधीलमाश्यांनी घरं केली होती. बरेच दिवस सगळं ठीक चाललं. मग एक चावली. नेहरू संतापले आणि त्यांनी त्या सगळ्यांचा नायनाट करायचं ठरवलं. माश्यांनी चिवटपणे झुंज दिली. शेवटी यांनाच वाटलं, जाऊ दे, राहू देत बापड्या. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ ते त्याच कोठडीत त्या माश्यांसोबत राहिले आणि एकही पुन्हा चावली नाही.

हा किस्सा लक्षात ठेवा, कारण दहाएक वर्षांनी अहमदनगरमध्ये जवळजवळ तसाच एक प्रसंग दुसऱ्याच माणसाच्या बाबतीत घडला. फरक एवढाच की त्या माणसाला निसर्गाची ओढ अशी फारशी नव्हती.

आझाद आणि चिमण्या

मौलाना आझाद हे पुस्तकांत राहणारे गृहस्थ. पहाटे तीन-चारच्या सुमाराला उठायचं, स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करायचा, आणि एकांतात लिहीत बसायचं, हा त्यांचा क्रम. ऊन अंगावर घेत कुदळ मारणं हा त्यांचा पिंड नव्हता. डोंगरदऱ्यांचं वेड आधीपासून असलेल्या नेहरूंना निसर्गाने शांत केलं, यात नवल नाही. ज्यांना "मला नाही बाई झाडाबिडांची आवड" असं वाटतं, त्यांनी आझादांकडे पाहावं.

किल्ल्यातून त्यांनी हबीबुर्रहमान खान शेरवानी या आपल्या मित्राला उर्दूत पत्रं लिहिली. पत्रं पाठवायची सोय नव्हती, ती तशीच वहीत राहिली आणि सुटकेनंतर १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. उर्दू गद्याच्या नामांकित पुस्तकांत त्याची गणना होते. धर्म, तत्त्वज्ञान, चहा, संगीत, सगळं त्यात आहे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला त्यांनी किल्ल्याच्या जुन्या इतिहासातलं 'चीता खान' हे नाव ठेवलं होतं, तेही आहे. आणि मार्च १९४३ मधल्या पत्रांत पक्षी आहेत.

त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर काड्या, कचरा, पिसं टेबलावर आणि अंथरुणावर पडायची. आझादांनी आधी युद्ध पुकारलं. हातात बांबू घेऊन त्यांनी चिमण्यांना हुसकावलं. त्या गेल्या, परत आल्या. पुन्हा हुसकावलं, पुन्हा आल्या. या लढाईचं वर्णन त्यांनी एखाद्या शाहनाम्याच्या थाटात केलं आहे, स्वतःचीच भरपूर चेष्टा करत. अखेर शत्रूच्या चिकाटीपुढे हात टेकले आणि तह केला. हुसकावायचं थांबवून त्यांनी जमिनीवर तांदळाचे दाणे टाकले.

चिमण्या लगेच आल्या नाहीत. लांबून बघायच्या, एखादी पुढे व्हायची, मागे पळायची. आझाद हलायचे नाहीत. दिवसागणिक दाण्यांची जागा ते आपल्या जवळ आणत गेले, आणि शेवटी चिमण्या त्यांच्या तळहातावरून दाणे टिपू लागल्या. एव्हाना त्यांना एकेक चिमणी वेगळी ओळखू येत होती. एकीचं नाव मोती. एक निर्धास्त फिरणारा, तो कलंदर. एक सारखी बडबड करणारा, तो मुल्ला. मोतीचं एक पिल्लू होतं. डोळे मिटून, पंख पाडून निपचित पडून राहायचं. आई त्याला चोचीने ढोसायची, पण ते हलायचं नाही. मग एके दिवशी काय झालं कोण जाणे, ते उठलं आणि भुर्रकन उडालं. या एका उड्डाणावर आझादांनी तल्लीन होऊन लिहिलं आहे.

बाहेर महायुद्ध चालू, संघटना बेकायदा ठरलेली, हजारो कार्यकर्ते तुरुंगात, गांधीजींचं उपोषण नुकतंच सुटलेलं. आणि काँग्रेसचा अध्यक्ष चिमणीचं पिल्लू उडतं की नाही हे बघत बसलेला. राजकारणाच्या दृष्टीने हे कुणाला वेळ घालवणं वाटेल. डॉक्टर म्हणून मला ते वेगळं दिसतं. ज्या गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या, त्यांवर चोवीस तास डोकं चालवत राहण्यापासून त्यांच्या मेंदूला रोज काही वेळ सुट्टी मिळत होती. शिवाय उद्या सकाळी कुणीतरी आपली वाट पाहणार आहे, दाणे टाकायचे आहेत, एवढं लहानसं का होईना, पण नक्की असं काहीतरी त्यांच्याकडे होतं.

शास्त्र काय म्हणतं

या दोन गोष्टींवर, म्हणजे लक्षाची विश्रांती आणि काळजी घ्यायला काहीतरी असणं यांवर, पुढे संशोधन झालं.

पहिलीबद्दल अमेरिकेतल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ मधल्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडणी केली. आपण हिशेब करतो, गाडी चालवतो, काळजी करतो, तेव्हा लक्ष मुद्दाम एका जागी धरून ठेवावं लागतं, आणि सतत धरून ठेवल्याने ते दमतं. दमलेलं लक्ष म्हणजे चिडचिड, विसराळूपणा, निर्णय न सुचणं. हलणारी पानं, वाहतं पाणी, दाणे टिपणारे पक्षी यांच्याकडे मात्र लक्ष आपोआप जातं, जोर लावावा लागत नाही. तेवढ्या वेळात दमलेला भाग सावरतो. टीव्हीकडेही लक्ष आपोआप जातंच की, असं तुम्ही म्हणाल. जातं, पण टीव्ही आणि मोबाईल लक्ष खेचून ताब्यात घेतात, मनाला इकडेतिकडे भटकायला जागा ठेवत नाहीत. रात्री दोन तास रील्स पाहून उठल्यावर डोकं हलकं वाटतं की जड, हे ज्याचं त्याने तपासावं.

तुरुंगावरचाही एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका मोठ्या कारागृहात काही कोठड्यांच्या खिडक्या बाहेरच्या शेतांकडे होत्या आणि काहींच्या आतल्या अंगणाकडे. अर्नेस्ट मूर यांनी १९८०च्या सुमारास दवाखान्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आतल्या बाजूचे कैदी बाहेरच्या बाजूच्या कैद्यांपेक्षा जास्त वेळा दवाखान्यात येत असल्याचं दिसलं. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या २३ जोड्या ताडून पाहिल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधं कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण हॉस्पिटल बांधताना खिडकी कुठे ठेवायची याचा विचार त्यानंतर जगभर जास्त गांभीर्याने होऊ लागला.

दुसरी गोष्ट, काळजी घेण्याची, मला अधिक महत्त्वाची वाटते. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं की तुमच्या दिवसाचे निर्णय तुमचे तुम्ही घ्यायचे. त्यांना एकेक रोप निवडू दिलं आणि त्याची निगाही त्यांच्यावरच सोपवली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपं दिली, पण "पाणी नर्स घालतील, तुम्ही आराम करा" असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक उत्साही, अधिक सावध दिसले. दीड वर्षाने मृत्यूंचं प्रमाणही त्यांच्यात कमी आढळलं, आणि ही बातमी फार गाजली. पुढे त्या आकडेमोडीत चूक निघाली आणि संशोधकांनी स्वतःच दुरुस्ती छापली. सुधारित आकड्यांत मृत्यूंमधला तो फरक तितका भक्कम राहिला नाही. तेव्हा "कुंडी ठेवा, आयुष्य वाढवा" असा मेसेज व्हॉट्सॅपवर आला तर पुढे ढकलू नका. पण माणसाच्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेतला की तो खचतो, हे मी वॉर्डात रोज पाहतो. आपण प्रेमाने म्हणतो, "बाबा, तुम्ही बसा, आम्ही करतो." बाबा बसतात, आणि हळूहळू बसूनच राहतात.

आता आझादांचे तांदळाचे दाणे आणि नेहरूंची कुदळ पुन्हा पाहा. दोघांनाही मिळालेला निसर्ग अगदी मामुली होता. एक अंगण, एक छत, एक चंद्र. दृश्य म्हणून त्यात काही नाही. पण रोज त्याच जागी, त्याच वेळी, स्वतःच्या हाताने काहीतरी करायला होतं, आणि त्याचं फळ सावकाश का होईना दिसत होतं. वर्षातून एकदा चार दिवस कुलू-मनालीला जाण्यापेक्षा हे औषध वेगळं आहे. तो मोठा डोस, हा रोजचा लहान डोस. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना कोणता जास्त उपयोगी ते माहीत आहे.

म्हणून हवापालटाला जाऊ न शकणाऱ्यांना मी आता एकच विचारतो, घरातून काय दिसतं? कुणी सांगतं शेवग्याचं झाड, कुणी समोरच्या इमारतीच्या एसीवर बसणारं कबुतर, कुणी नुसती तुळस. बास झालं. सकाळची पंधरा मिनिटं मोबाईल न घेता तिथे बसायचं. पाणी आपणच घालायचं. नवं पान कधी आलं ते कॅलेंडरवर टिपून ठेवायचं. पहिला आठवडा कंटाळवाणा जातो, हेही मी आधीच सांगून टाकतो. चिमण्यांनीही आझादांवर लगेच विश्वास ठेवला नव्हता. (कबुतरांना मात्र दाणे घालू नका, विशेषतः घरात दम्याचा पेशंट असेल तर. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाचा चिवट आजार होतो. बसून बघायला हरकत नाही.)

मर्यादा

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण खरी होणार नाही.

आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम बरेच दिवस आजारी होत्या. डॉक्टरांनी हवापालट सुचवला म्हणून अटकेच्या आधी त्या काही काळ रांचीला राहून आल्या होत्या, आणि तब्येत जरा सुधारल्यासारखी दिसत होती. ३ ऑगस्ट १९४२ रोजी आझाद कलकत्त्याहून मुंबईला निघाले तेव्हा त्या नेहमीप्रमाणे दारापर्यंत निरोप द्यायला आल्या. तीच शेवटची भेट. चिमण्यांवरच्या पत्रांनंतर थोड्याच दिवसांत, मार्च सरता सरता, त्यांची प्रकृती गंभीर असल्याची खबर किल्ल्यात आली. सरकारला काही विनंती करायची असेल तर ती लगेच पोहोचवतो, असं तुरुंगाधिकाऱ्याने सुचवलं. ज्या सरकारशी लढतो आहोत त्याच्याकडे काही मागायचं नाही, असं आझादांनी ठरवलं. ते बाहेरून शांत राहिले. जेवणाच्या, लिहिण्याच्या वेळा त्यांनी मोडल्या नाहीत. वर्तमानपत्र आलं की त्यात काय असेल या धास्तीने जीव वरखाली व्हायचा, पण चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ते मुद्दाम सावकाशपणे वागत. हे सगळं त्यांनीच ११ एप्रिलच्या पत्रात लिहून ठेवलं आहे. झुलेखा बेगम ९ एप्रिल १९४३ रोजी गेल्या होत्या.

त्या पत्रात चिमण्या नाहीत. किल्ल्याच्या आवारात कुणा अज्ञात माणसाची एक जुनी कबर होती. इतके महिने तिच्याकडे त्यांचं विशेष लक्ष गेलं नव्हतं. बातमी आल्यापासून मात्र नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळत होती, जणू काही तिच्याशी आपलं नातं जडलं आहे, असं ते लिहितात. पुढे काही महिन्यांत भोपाळला त्यांची बहीणही वारली.

या काळात शरीराने आपला हिशेब मांडलाच. किल्ल्यात आले तेव्हाच्या मानाने बाहेर पडताना त्यांचं वजन सुमारे ४० पौंड, म्हणजे १८ किलो, घटलं होतं आणि अन्न जात नव्हतं, असं ते स्वतः आपल्या आठवणींत सांगतात. आज असा पेशंट समोर आला तर मी चिमण्यांच्या गप्पा मारणार नाही. आधी रक्त, थायरॉइड, साखर, छातीचा एक्स-रे पाहीन, आणि दुःखाचं रूपांतर नैराश्याच्या आजारात झालं आहे का, हे नीट विचारीन. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, वजन उतरत असेल, जगणं नको वाटत असेल, तर बाग, पक्षी, डोंगर यांच्यावर विसंबून राहू नये. डॉक्टरांकडे यावं. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी यावं. नैराश्याला औषधं आणि समुपदेशन दोन्ही आहेत आणि दोन्हींचा गुण येतो. बाग त्याच्या जोडीला असावी, बदल्यात नको.

मग त्या चिमण्यांचा उपयोग काय झाला? पत्नी गेल्यावर आझाद कोसळले नाहीत, लिहायचे थांबले नाहीत, सप्टेंबर १९४३ पर्यंत पत्रं चालू आहेत. त्याचं श्रेय चिमण्यांना किती, श्रद्धेला किती, शेजारच्या खोल्यांतल्या अकरा सोबत्यांना किती, हे कुणी मोजून देऊ शकत नाही. माझी समजूत अशी की रोजच्या दिवसाला आधीच एक घडी पडलेली होती. पहाटेचा चहा, लिहिणं, दाणे, अंगणातली फुलं. दुःख आलं तेव्हा ते या घडीत येऊन पडलं, रिकाम्या दिवसात नाही. आजार किंवा मृत्यू दारात आल्यावर पहिल्यांदा कुंडी आणायला सुचत नाही. ती आधीपासून खिडकीत असेल तर हात आपोआप पाण्याकडे जातो.

१९४५च्या वसंतात किल्ल्यातल्या कैद्यांना वेगवेगळ्या तुरुंगांत हलवलं गेलं. अंगणातली बाग मागे राहिली. नेहरू अल्मोड्याहून सुटले, आझाद बंगालमधल्या बांकुड्याहून, दोघेही जून १९४५ मध्ये. हावडा स्टेशनवर आझादांच्या स्वागताला प्रचंड गर्दी लोटली होती. मोटारीपुढे बँड वाजत होता. आपले हजारो सहकारी अजून तुरुंगात आहेत, असं म्हणून त्यांनी तो बंद करायला लावला. घरी जाण्याआधी त्यांनी गाडी झुलेखा बेगमच्या कबरीकडे घ्यायला सांगितली. गाडीत लोकांनी घातलेल्या हारांचा ढीग होता. त्यातला एक हार त्यांनी उचलला, कबरीवर ठेवला, आणि उभं राहून मनातल्या मनात फातिहा म्हटला.